चार ते सहा

"हिला सांगून उपयोग नाही रे. भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना भिंतीने फोन तरी उचलला असता."

मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून आपल्या नवऱ्याशी फोनवर कुरकुरत होती. आवाज खाली आणला की आईला ऐकू जात नाही, असा तिचा लहानपणापासूनचा गैरसमज होता. बाई बाहेरच्या खोलीत लोखंडी टेबलाखाली उकिडव्या बसून एका शिलाई मशीनचा पट्टा ओढून बघत होत्या. मध्ये फक्त एक पडदा.

"एकशे बेचाळीस मेसेज पडलेत, न उघडलेले. एका बोटाने टाइप करते, एका उत्तराला अर्धा तास. मी काय नोकरी सोडून येऊन बसू? हो, तेच म्हणतेय, कुणीतरी ठेवू या. घरी येणारं नको, तिला चालणार नाही. हल्ली लांबून काम करतात ना, तसलं."

बाईंनी पट्टा सोडला. तो चाकावर बसला, पण जरा डावीकडे सरकून, हेही त्यांनी ऐकलं.

कान हीच बाईंची खरी कमाई. बाहेर पाटी होती 'शिलाई मशीन दुरुस्ती', आणि पाटीखालचा फोन नंबर होता त्यांच्या यजमानांचा. बाईंच्या तोंडी ते कायम 'हे'. लांबलांबून लोकांचे फोन यायचे. हे सांगायचे, मशीन चालवा आणि फोन जवळ धरा. मग फोन टेबलावर ठेवायचे. बाई हातातल्या कामावरून मान न उचलता ऐकायच्या आणि बोटं वर करायच्या. एक बोट म्हणजे सुई, दोन म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन, तीन म्हणजे पट्टा, चार म्हणजे आतलं काहीतरी झिजलंय. मूठ वळली की, इथे घेऊन या. पुढे त्या बोटांचं भाषण करायचं काम ह्यांचं. "ताई, घाबरू नका, तुमचं मशीन रुसलंय, बिघडलेलं नाही. घाई करू नका. मी आहेच." गावोगावच्या ग्राहकांची पक्की समजूत झाली होती की ह्या माणसाच्या कानात जादू आहे. प्रत्यक्षात ह्यांना मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि बाईंना चार माणसांत बोलायचं म्हटलं की जिवावर यायचं. दोघांत मिळून एक मेकॅनिक, असा तो संसार चौतीस वर्षं बिनबोभाट चालला.

दीड वर्षापूर्वी एका सोमवारी हे असेच फोनवर कुणाला तरी तेल कुठे घालायचं ते सांगत होते. "मागच्या बाजूला एक बारीक भोक," इथपर्यंत आलं आणि पुढचं आलं नाही. बाई तीन बोटं वर करून वाट बघत राहिल्या. वळून बघितलं तेव्हा पलीकडचं मशीन फोनमधून अजून चालूच होतं.

त्यानंतर घरात तो एक शब्द कुणी उच्चारला नाही. मुलगी 'बाबांचं ते झालं तेव्हा' म्हणायची. शेजारीण 'तुमच्याकडे तसं झाल्यावर' म्हणायची. डॉक्टर तर इंग्रजीत म्हणाले होते. बाई काहीच म्हणायच्या नाहीत. महिन्याभराने ह्यांच्या फोनवर कुठल्याशा मशीनचा आवाज आला. तो ऐकून बाईंनी सवयीने बोटं वर केली, मग इकडेतिकडे बघितलं, मग एका बोटाने टाइप केलं: पट्टा सैल आहे. घाई करू नका. मी आहेच. पलीकडून उत्तर आलं, 'बरं झालं काका तुम्ही सांगितलंत.' ते उत्तर मुलीनेही वाचलं आणि फोन होता तिथे ठेवून दिला.

तेव्हापासून तसंच सुरू होतं. ज्या मेसेजच्या पहिल्या ओळीत 'कळलं' किंवा 'ऐकून' असं काही दिसायचं, तो बाई उघडत नसत. एकशे बेचाळीस झाले ते काही असे, आणि बाकीचे टाइप करायच्या कंटाळ्याने.

मुलीने तीन जणींशी बोलणं ठरवलं. पहिलीने विचारलं, रोज किती मेसेज, किती शब्दांचे, सुट्ट्या कशा. दुसरी नुसतं स्वतःबद्दल बोलली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात, जाहिरात लागल्यासारखी. तिसरीचा चेहरा स्क्रीनवर नीट दिसतच नव्हता. मागे जिन्याच्या पायऱ्या आणि कुणाच्या तरी काठीचा ठक ठक आवाज. ती घरातूनच काम करायची, सासरे दुपारी झोपतात तेवढे चार ते सहा हे दोन तास तिच्याकडे मोकळे होते. तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोणतं काम अजिबात आवडत नाही?"

"लिहायचं," बाई म्हणाल्या. तिथेच तिची निवड झाली.

पुढे तिने साधासा प्रश्न केला. उत्तरं कुणाच्या नावाने जातात?

मुलगी आपल्या अंगठ्याचं नख बघायला लागली. बाई टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून परत खाली ठेवत्या झाल्या. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबांच्या."

"मग सरांचे जुने मेसेज वाचून काढते. म्हणजे सूर सापडेल," पलीकडून उत्तर आलं. सर कुठे आहेत, असं तिने विचारलं नाही, आणि ह्या दोघींनी सांगितलं नाही. पासवर्ड दिला गेला, तो होता घरातल्या पहिल्या मशीनवरचा नंबर.

बाईंनी तिचं नाव ठेवलं चारवाली. पहिल्या आठवड्यात चारवालीने गोंधळही पुष्कळ घातले. बॉबिन म्हणजे मशीनचं चाक असं समजून एका शिक्षिकेला चाक काढून पाण्यात भिजवायला सांगितलं. बाईंनी ते वाचलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पोट धरून हसल्या. मग दोघींची एक पद्धत बसली. इंटरनेटवर एक यादी होती, दोघींना एकाच वेळी दिसणारी. चारवाली त्यात ग्राहक आणि त्याने पाठवलेला आवाज ठेवायची. बाई तो ऐकायच्या आणि पुढच्या रकान्यात एक आकडा टाकायच्या. एक, दोन, तीन, चार. मुठीसाठी शून्य. पाच मिनिटांत आकड्याचं उत्तर होऊन निघून जायचं, ह्यांच्या तोंडचं. बाईंच्या एकदा मनात आलं की आपण परत तिथेच येऊन बसलोय, मान खाली, बोटं वर. फक्त बोलणारा माणूस दिसत नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र त्यांना कधीपासूनच खटकत होती. बरीचशी मशीनं धडधाकट असायची. सुई ठीक, पट्टा ठीक, तेल वेळच्या वेळी. लोक तरी आवाज पाठवायचे. लोकांना झालंय काय, असं त्या स्वतःशीच पुटपुटायच्या आणि रकाना कोरा सोडायच्या. चारवाली त्यांनाही काहीतरी दोन शब्द लिहून टाकायची.

तिसऱ्या आठवड्यात एका बाईचा मेसेज आला. मशीन तिच्या आईचं होतं. आईनंतर त्याला हात लावायचं धाडस होत नव्हतं, आता लावला तर टाका तुटतो. बाईंनी ऐकलं आणि एक टाकला. सुई बोथट. सहाच्या सुमाराला सहज उत्तर वाचायला गेल्या.

'ताई, सुई बदला बिनधास्त. आईच्या मशीनची सुई बदलली म्हणून आई बदलत नाही. अडलं तर कळवा. मी आहेच.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. हे वाक्य ह्यांचं नव्हतं. ह्यांची सगळी वाक्यं बाईंना पाठ होती, कुठलं कुणाला कधी म्हटलं तेसुद्धा. तरी हे म्हणाले असते तर असंच म्हणाले असते, 'बिनधास्त' सकट. जुनी वाक्यं घरात कुठे ना कुठे सापडायची, कपाट उघडताना, डबा पुसताना, त्यांची बाईंना सवय झाली होती. नवीन वाक्याची तयारी त्यांनी केलेली नव्हती. ह्यांची खुर्ची भिंतीशी होती तिथेच होती. बाईंनी पंखा बंद केला आणि बराच वेळ नुसतं ऐकत बसल्या. कुणी श्वास घेत असेल तर कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच त्या हात धुऊन, केस विंचरून यादी उघडून बसल्या. विंचरताना स्वतःचंच हसू आलं, या वयात कुणासाठी, तरी विंचरले. मग रोजच तसं व्हायला लागलं. सहा वाजल्यावर घर एकदम मोठं वाटायचं. मुलीचा फोन आला की त्या सांगायच्या, छान चाललंय, पोरगी हुशार आहे. मुलगी म्हणायची, बघ, मी म्हटलं नव्हतं?

एक दिवस बाईंनी वेडेपणा केला. मुलीचा जुना फोन कपाटात पडला होता, त्याचा नंबर चारवालीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दार लावून घेतलं, स्वतःचं मशीन चालवलं, ते पहिलं, ज्याच्या नंबरावर सगळे पासवर्ड होते ते, आणि त्याचा आवाज ह्यांच्या फोनवर पाठवून दिला. खाली लिहिलं: मशीन चालतंय पण आवाज बदलल्यासारखा वाटतो.

चार वाजता यादीत नवीन ओळ आली. बाईंनी पुढचा रकाना कोरा ठेवला. आता आकडा काय टाकणार? मशीन ठणठणीत होतं. साडेचार झाले, पाच झाले. बाई तीन स्क्रू एकाच भोकात बसवायचा प्रयत्न करत होत्या. पाच वाजून वीस मिनिटांनी जुना फोन हातात थरथरला.

'ताई, आवाज ऐकला. मशीनला काही झालेलं नाही. खोलीतले बाकीचे आवाज कमी झाले की मशीनचा जास्त वाटतो. चालवत राहा. मी आहेच.'

बाईंनी फोन पालथा घातला, वर तेलाचं फडकं टाकलं, आणि त्या दिवशी पुढच्या एकाही आवाजाला आकडा दिला नाही. तक्रार कुणी केली हे चारवालीने ओळखलं असेल का, हा विचार दारापर्यंत आला होता. त्याला आत घ्यायची त्यांची हिंमत झाली नाही. ओळखलं असेल तर तिला आणखीही काही माहीत असणार. आणि ते तिने एकदा म्हटलं, किंवा आपण म्हटलं, की चार ते सहा संपले. ह्यांना दुसऱ्यांदा घालवायचं म्हणजे काय, हे त्या आकड्यात सांगू शकल्या नसत्या.

आणि मग पडदेवाल्यांचा मेसेज आला. हे गृहस्थ नाटकांचे मोठाले पडदे शिवायचे, जाड कापडाचं अवजड मशीन, ह्यांचे जुने ग्राहक, फोनवर ह्यांच्याशी तासतासभर नाटकांवर वाद घालायचे. आवाजात बाईंना आतली झीज स्पष्ट ऐकू आली. मशीन उघडल्याशिवाय भागणार नव्हतं. त्यांनी शून्य टाकलं. शून्य म्हणजे मूठ, मूठ म्हणजे घेऊन या. एवढं साधं. सहा वाजता त्यांनी उत्तर वाचलं.

'घेऊनच या. गुरुवारी अकराला जमतंय? चहा माझ्याकडून, वाद तुमच्याकडून. मी आहेच.'

खाली पडदेवाल्यांचं एका शब्दाचं उत्तर: 'येतो.'

बाईंनी गुरुवारपर्यंत तीन बहाणे तयार केले आणि तिन्ही मोडीत काढले. पडदेवाले बरोबर अकराला रिक्षातून उतरले, मशीन चादरीत गुंडाळलेलं, रिक्षावाल्याने आणि त्यांनी मिळून आत आणलं. ते बरेच म्हातारे झाले होते. ह्यांची खुर्ची दारापासून दोन पावलांवर होती, तिला वळसा घालून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे जरा बाहेर गेलेत," बाई म्हणाल्या. "येतील इतक्यात."

"असू दे. मला कुठे घाई आहे."

येतील म्हटलं म्हणजे चहा तिघांचा टाकायला हवा. बाईंनी तीन कप भरले. तिसरा टेबलाच्या कडेला ठेवून वर बशी झाकली. मग मशीन उघडून कामाला लागल्या. आत एक कडी झिजून पातळ झाली होती. ती बदलायला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात पडदेवाल्यांनी आपल्या गुडघ्यांची चौकशी स्वतःच केली, नातवाची दोन लग्नं कशी मोडली ते सांगितलं, आणि नाटकवाल्यांना हल्ली पडदाच लागत नाही, नुसता अंधार करतात, यावर तोंडसुख घेतलं. ह्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. घड्याळाकडे एकदाही नजर नाही. बाईंनी मशीन चालवून दाखवलं. गृहस्थांनी डोळे मिटून ऐकलं.

निघताना ते त्या झाकलेल्या कपापाशी थांबले. बशी किंचित उचलली, परत ठेवली, अगदी आवाज न करता.

"त्या वेळी मी सविस्तर लिहिलं होतं," ते कपाकडे बघत म्हणाले. "चार ओळी. उत्तर आलं नाही. मग दीडेक महिन्याने मशीनचा आवाज पाठवला, तर लगेच आलं. तेव्हा मी माझ्या ओळखीच्या इतर ग्राहकांनाही सांगून ठेवलं, ह्या घरी मशीनबद्दल विचारलं तर चालतं. बाकी काही विचारू नका."

बाईंच्या हातात फडकं होतं. त्यांनी पुसलेलाच स्क्रू परत पुसला. ती सगळी धडधाकट मशीनं, तेल घातलेली, सुई ठीक, पट्टा ठीक, कोरे रकाने, एकामागून एक त्यांच्या कानात चालू झाली. दीड वर्ष लोक रांगेने भेटायला येत होते, आणि त्या दाराआडून त्यांना आकडे देत होत्या.

"आणि कामं कोण करतं ते मला तीस वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा आलो तेव्हाच कळलं होतं," पडदेवाले चपला घालताना म्हणाले. "तो बोलता बोलता मध्येच थांबायचा. तुमच्या बोटांकडे बघायला. फोनवर ऐकू येतं थांबलेलं."

रिक्षा गेल्यावर बाईंनी तिसरा कप मोरीत ओतला. सायीचा पापुद्रा तळाशी चिकटून राहिला, तो बोटाने काढावा लागला.

चार वाजता त्यांनी यादी उघडली नाही. फोन लावला. चारवालीने पहिल्याच घंटीला उचलला, जणू हातात धरूनच बसली होती. मागे काठीची ठक ठक नव्हती, सासरे झोपले असावेत.

"मॅडम, मीच करणार होते फोन. माझ्या हातून फार मोठी चूक झाली. पडदेवाल्यांना मी वेळ दिली, चहाचं लिहिलं, मी आहेच लिहिलं. रोज लिहून लिहून हात बसलाय ना. पाठवल्यावर लक्षात आलं. पुसायला गेले तोवर त्यांनी वाचलं होतं. तीन दिवस मला घास गेला नाही."

"काय लक्षात आलं?" बाईंनी विचारलं.

बाईंना तिचा श्वास ऐकू आला. जिन्यात बसली असणार, श्वास घुमत होता.

"पहिल्या दिवशीच सगळं वाचलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्ही न उघडलेले. एकसष्ट होते तसले. वेगळे काढून ठेवलेत, 'नंतर' असं नाव देऊन. तुम्ही कधीतरी विचाराल असं वाटलं. मग तुम्ही विचारलं नाहीत, आणि सर इतके छान बोलायचे. मलाही घरात दुसरं कोण बोलायला आहे? लिहिता लिहिता मीच विसरले, काकू."

मॅडमच्या ऐवजी काकू झालं होतं, ते दोघींपैकी कुणी दुरुस्त केलं नाही.

"काय विसरलीस, बाळा?"

"तुम्हाला माहितीये."

"मला माहितीये. तू म्हण."

"मला नाही म्हणता येणार. मी त्यांची वाक्यं लिहिते. हे कसं लिहू?"

बाई ह्यांच्या खुर्चीकडे बघत होत्या. मग उठल्या, आणि फोन कानाला तसाच धरून त्या खुर्चीत जाऊन बसल्या. खुर्ची करकरली. डावा मागचा पाय ढिला होता. दीड वर्षात कुणी बसलंच नव्हतं तर कळणार कसं?

"'नंतर' उघड," त्या म्हणाल्या. "त्या एकसष्ट जणांना उत्तर द्यायचंय. आणि आवाज पाठवणाऱ्या सगळ्यांनाही."

"सरांच्या पद्धतीने लिहू?"

"नको. माझ्या."

"तुमची पद्धत कशी आहे?"

हे बाईंना कुणी आजवर विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. पलीकडे चारवालीची बोटं कळांवर येऊन थांबलेली त्यांना ऐकू आली.

"लिही," त्या म्हणाल्या. "हे वारले."